एक अल्बम, चार फोन

बालमित्रांनो, तुमच्या घरातले फोटो कुठे असतात? आजी भिंतीकडे बघेल, आई कपाटातला अल्बम काढेल आणि तुम्ही फोनकडे बोट दाखवाल! पण कोणाच्या फोनकडे? बारशाचे फोटो मावशीकडे, मुक्ताबाईच्या यात्रेचे काकांकडे, शिवनेरीच्या सहलीचे ताईकडे. हे सगळं एकत्र आणायचं कसं?

त्यासाठी आधी खोडदला चला. नारायणगावजवळची ती मोठी रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, विज्ञान दिनाला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ती उभारली. तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! १४ अँटेना मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, पार २५ किलोमीटरपर्यंत. एकटीला आकाश अंधूकच दिसतं. म्हणून सगळ्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंच्या तारांमधून खोडदच्या मुख्य इमारतीत येतात. तिथले संगणक वेळेचा सूक्ष्म हिशेब ठेवून ते जुळवतात. हिशेब चुकला, तर चित्रही बिघडणार! ही माहिती मग जपून ठेवली जाते. ज्यानं निरीक्षण केलं, त्याला ती आधी मिळते आणि ठरावीक काळानंतर जगातल्या इतर शास्त्रज्ञांनाही.

आपल्या फोटोंचंही काहीसं असंच आहे, बरं का. प्रत्येक फोन आपले फोटो इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे पाठवतो. यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. मग घरातला दुसरा फोन विचारतो, “मागच्या वेळेनंतर नवीन काय आलं?” आणि तेवढंच उतरवून घेतो. हा ताळमेळ म्हणजेच ‘सिंक’.

पण एकच फोटो दोनदा आला, हे संगणकाला कसं कळतं? तो प्रत्येक फोटोचा जणू अंगठ्याचा ठसा घेतो. आकड्यांचा ठसा हं! ठसा तोच, तर फोटो तोच. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो सहसा लहान केला जातो आणि त्याचा ठसा बदलतो. म्हणून तर एकच फोटो कधीकधी दोनदा दिसतो!

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंक म्हणजे जपणूक नव्हे. धाकट्यानं खेळता खेळता एका फोनवरचा फोटो पुसला, की तो बाकीच्या फोनवरूनही जातो! गूगल फोटोजमध्ये क्लाउडवर चढवलेला आणि मग पुसलेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो, अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवस. त्यानंतर तो कायमचा गेला. तेव्हा लाडक्या फोटोंची एक प्रत हार्डडिस्कवर वेगळी ठेवा आणि निवडक फोटो छापूनही घ्या.

पालकांसाठी दोन गोष्टी. १ जून २०२१ पासून गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत फोटोही मोजले जातात. ती भरली, की नवीन फोटो वर चढत नाहीत. आणि अ‍ॅपलच्या सामाईक फोटोसंग्रहात आणखी पाच जणांना घेता येतं, पण त्यातल्या प्रत्येकाला फोटो पुसताही येतात. म्हणून कोणाला घ्यायचं ते घरात बसून ठरवा. फोटो दुसऱ्याचा असेल, तर त्याला आधी विचारा.

मुलांनो, या रविवारी एक काम करा. आजीच्या भिंतीवरच्या आणि अल्बममधल्या जुन्या फोटोंचे फोनवर फोटो काढा. मग आजीजवळ बसा आणि प्रत्येकात कोण आहे, कुठं, कोणत्या साली, ते विचारून लिहून ठेवा. फोन त्यावर आजची तारीख टाकेल. पण मागच्या रांगेत उभी असलेली ती दोन वेण्यांची मुलगी कोण, हे फक्त आजीलाच ठाऊक आहे!