वायूचा निरपेक्ष दाब

भिवंडीच्या साइझिंग कारखान्यांतून ताण्याच्या सुताला खळ चढते ती वाफेच्या जोरावर. बॉयलरचा काटा ७ वर आला, की दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब झाला असे आपण म्हणतो. वास्तविक तो ८ च्या आसपास असतो. बॉयलर थंड व उघडा असतानाही आत हवेचा सुमारे १ किलो दाब असतोच. काटा त्यालाच शून्य धरून बसलेला!

हा हिशेब पारा भरलेल्या यू आकाराच्या काचनळीत स्वच्छ दिसतो. एक तोंड वायूच्या भांड्याला जोडावे, दुसरे मोकळे ठेवावे. मोकळ्या बाजूचा पारा २४० मिलिमीटर वर राहिला, तर वायू हवेपेक्षा तेवढा वरचढ. त्यात हवेचा दाब, भिवंडीस सुमारे ७६०, मिळवला की १००० हा निरपेक्ष दाब. पारा वायूच्या बाजूस वर असेल, तर मात्र फरक वजा करावयाचा. विद्यार्थिदशेत आम्ही येथेच हटकून चुकत असू.

आता हेच बंद भांडे, तापमान न बदलता, महाबळेश्वरी नेले तर? वायूचा दाब तोच; पण तेथली हवाच सुमारे ६५० ची, म्हणून फरक ३५० च्या घरात दिसेल. तेव्हा जवळ बॅरोमीटर हवाच. तो नको असेल, तर नळीचे दुसरे तोंडही मिटून पाऱ्यावरची जागा निर्वात करावी. तोरिचेल्लीच्या सतराव्या शतकातील नळीत पाऱ्यावर अशीच पोकळी होती. मग पाऱ्यातला फरक हाच निरपेक्ष दाब. मिळवणे नाही, वजा करणे नाही.