मंदी आणि नगराची चोपडी

पेढीवर मंदी आली म्हणजे शहाणा व्यापारी आधीं रोजकीर्द उघडतो, खर्चाचा हात आंखडतो आणि नवें देणें करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करतो. नगरसंस्थेची पेढी मात्र निराळ्या जातीची आहे. मंदींत तिचें उत्पन्न घटतें आणि नेमक्या त्याच वेळीं तिच्या दवाखान्यांत व शाळांत येणाऱ्यांची गर्दी वाढते. अशा वेळीं कारभाऱ्यांनीं सत्याकडे डोळेझांक केली म्हणजे काय होतें, हें न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून शिकण्याजोगें आहे.

अमेरिकेंत १९७३ च्या अखेरीपासून १९७५ च्या आरंभापर्यंत मोठी मंदी होती. त्यापूर्वींच न्यूयॉर्कांतील कारखाने व मध्यम स्थितींतील कुटुंबें बाहेर जाऊं लागलीं होतीं. कर वाढवावे तर नागरिक रुष्ट, खर्च तोडावा तर नोकरवर्ग रुष्ट. म्हणून कारभाऱ्यांनीं तिसरी वाट धरली. पुढें येणाऱ्या उत्पन्नाच्या भरंवशावर अल्प मुदतीचीं कर्जें काढलीं, तीं फेडण्यास पुन्हां नवीं काढलीं, आणि कायमच्या बांधकामांसाठीं असलेल्या भांडवली खात्यांत रोजचा खर्च घुसडला. कागदावर तोंडमिळवणी होत असे. परंतु १९७५ सालीं बँकांनीं शहराचे रोखे घेण्याचें नाकारलें आणि पडदा सरला.

त्या वर्षीं जूनमध्यें राज्यानें कर्जउभारणीसाठीं निराळें महामंडळ स्थापिलें व सप्टेंबरांत आर्थिक नियंत्रणमंडळ नेमलें. लोकनियुक्त महापौर अब्राहम बीम ह्यांच्या हातून तिजोरीची खरी किल्ली गेली. ऑक्टोबरांत अध्यक्ष फोर्ड ह्यांनीं मदत नाकारली. अखेर डिसेंबरांत मध्यवर्ती सरकारनें दरसाल २३० कोटी डॉलरपर्यंत हंगामी कर्ज देण्याचा कायदा केला. पण भुर्दंड कोणीं भरला? हजारों नोकर घरीं बसले, भुयारी गाडीचें भाडें ३५ सेंटांवरून ५० सेंट झालें, आणि पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य असलेल्या नगर विद्यापीठांत १९७६ पासून फी बसली. ज्यांनीं हिशेब लपविला त्यांनीं नव्हे, तर मजुराच्या मुलानें त्याचें व्याज भरलें!

हें दूरचें म्हणून आम्हीं सोडून देऊं नये. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं बंद झाली. नाक्यावरचा खोळंबा टळला, ह्याचा व्यापाऱ्यांस आनंद होणें योग्यच आहे. परंतु जें उत्पन्न शहर स्वतः गोळा करीत असे, त्याच्या जागीं राज्य सरकारकडून येणारी भरपाई आली. परक्याच्या हातांतील ओंजळीनें पाणी पिणाऱ्यानें तर अधिकच सावध राहिलें पाहिजे.

आमचें स्पष्ट मत असें कीं, रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नांतूनच भागवावा व कर्ज फक्त टिकाऊ कामासाठींच काढावें. बरकतीच्या वर्षीं गंगाजळी राखावी. काटकसरीची कात्री प्रथम समारंभ, सुशोभन व फुगविलेले ठेके ह्यांवर चालावी. पाणी, गटारें, दवाखाने व प्राथमिक शाळा ह्यांची पाळी सर्वांत शेवटीं. आणि जमाखर्च सामान्य नागरिकास समजेल अशा मराठींत छापून त्याच्या हातीं द्यावा.

नागरिकांचेंही कर्तव्य आहेच. ऐपत असून घरपट्टी थकविणारा गृहस्थ नगरसंस्थेस नांवें ठेवण्याचा अधिकार गमावून बसतो. आपल्या दुकानाची चोपडी जितक्या बारकाईनें आपण पाहतों, तितक्याच बारकाईनें शहराचीही पाहूं लागलों, तर मंदी पाहुण्यासारखी येईल व जाईल. घरमालकीण होऊन बसणार नाहीं.