अध्यापनातील विनोद आणि स्वानुभवकथन

अध्यापनातील विनोद आणि स्वानुभवकथन ही पाठ्यविषय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याची एक पद्धती आहे. तीत शिक्षक पाठ्यघटकाशी निगडित असे विनोदी उदाहरण, किस्सा किंवा स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग हेतुपूर्वक योजतो. तास कंटाळवाणा होऊ नये म्हणून मध्येच सांगितलेल्या चुटक्यांचा समावेश या पद्धतीत होत नाही. विनोद काढून टाकला असता पाठाचा काही भागही नाहीसा होत असेल, तरच तो अध्यापनाचा भाग मानता येतो. महाराष्ट्रात या पद्धतीला जुनी परंपरा आहे. मात्र घरची बोली आणि शाळेची प्रमाणभाषा जेथे वेगळी असते, अशा रायगड जिल्ह्यातील उरणसारख्या तालुक्यात वर्गातील हसण्याचा प्रश्न अधिक नाजूक बनतो.

मराठी परंपरा

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते, उत्तररंगात त्याला धरून आख्यान रंगते आणि शेवटी कीर्तनकार मूळ अभंगावर परत येतो. आख्यानात हशा पिकला तरी श्रोता मूळ विषयापासून तुटत नाही, कारण परतीची वाट आधीच आखलेली असते. शाळेतील कथाकथनाला हा साचा आयताच उपलब्ध होता.

स्वानुभवकथनाचे मराठीतील सर्वांत परिचित उदाहरण साने गुरुजी (१८९९–१९५०) यांचे आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिले. या पुस्तकाची रचना ४२ रात्रींची आहे. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या लहानपणाची एक आठवण सांगतो. या आठवणींत तो स्वतःचा मोठेपणा सांगत नाही. पोहायला जाण्याची भीती, पत्रावळ लावायला शिकण्याचा कंटाळा, हट्ट आणि चोरटेपणा असे आपलेच उणेपण तो मोकळेपणाने पुढे ठेवतो. ऐकणाऱ्या मुलाला त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसते, ते यामुळेच. रायगड जिल्ह्यातच माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे.

विनोदाच्या बाजूने पाहता प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुण्यातील कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनशास्त्राची पदविका घेतली आणि पुढे ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली. त्यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह १९२५ सालचा. विडंबन कळण्यासाठी मूळ कविता आणि तिच्या लकबी आधी नीट वाचलेल्या असाव्या लागतात. त्यामुळे मराठीच्या तासाला विडंबनाइतका अभ्यास करून घेणारा विनोदप्रकार दुसरा क्वचितच सापडेल. द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) हेही आधी शिक्षक व नंतर मराठीचे प्राध्यापक होते. शंकर पाटील व व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह १९६० च्या दशकात त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले.

संशोधन

१९७७ मध्ये रॉबर्ट कॅप्लन व ग्रेगरी पास्को यांनी अमेरिकेत ५०८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना गंभीर व्याख्यान दाखविण्यात आले. इतरांना दाखविलेल्या व्याख्यानांत विषयाशी निगडित, असंबद्ध किंवा मिश्र स्वरूपाचे विनोद होते. व्याख्यानानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत विनोदाचा लाभ दिसला नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली असता, ज्या संकल्पना विनोदी उदाहरणाने समजाविल्या होत्या त्या अधिक लक्षात राहिल्याचे आढळले. इस्रायलमधील अवनेर झिव यांनी १९८८ मध्ये संख्याशास्त्राच्या सत्रभर चाललेल्या वर्गात असाच प्रयोग केला. तेथे आधी संकल्पना, मग तिच्यावरील विनोद आणि त्यानंतर संकल्पनेची पुनरुक्ती असा क्रम होता. या वर्गाचे परीक्षेतील गुण तुलनेच्या वर्गापेक्षा चांगले आले. कीर्तनाच्या साच्याशी या क्रमाचे साम्य सहज लक्षात येते.

याच्या उलट बाजूचे निष्कर्षही आहेत. शॅनन हार्प व रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी पडते यावरील पाठात रंजक पण विषयाला अनावश्यक असा मजकूर घालून पाहिला. त्यामुळे मुख्य कार्यकारणभाव विद्यार्थ्यांच्या ध्यानात कमी राहिला.

उरण परिसरातील संदर्भ

उरण तालुका मुंबई बंदराच्या पूर्वेस असून त्यात आगरी, कोळी व कराडी समाजांची जुनी वस्ती आहे. शेती, मासेमारी आणि मिठागरे हे येथील पारंपरिक व्यवसाय. १९७० नंतर नवी मुंबई व बंदर यांसाठी जमिनींचे संपादन झाले आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. परिणामी आजच्या वर्गात स्थानिक मुलांच्या जोडीला नोकरीधंद्यासाठी अन्य प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुलेही बसतात.

येथे पाठ्यविषय स्वानुभवाशी जोडण्यास भरपूर वाव आहे. मोरा बंदर ते मुंबईतील भाऊचा धक्का ही लाँचसेवा मोठ्या ओहोटीच्या वेळी गाळामुळे काही काळ थांबवावी लागते. मुंबईहून येणाऱ्या शिक्षकाची या कारणाने झालेली फजिती हा भूगोलाच्या तासाला उत्तम आरंभ ठरू शकतो. सोमवारी साधलेली लाँच दोन दिवसांनी त्याच वेळी का मिळाली नाही, हे विचारले की भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि याचा संबंध चंद्राच्या भ्रमणाशी आहे, येथपर्यंत वर्ग आपसूक पोहोचतो. घरात मासेमारी असलेल्या मुलांना उत्तराचा अर्धा भाग आधीच ठाऊक असतो. बाष्पीभवनाचा पाठ मिठागरावरून शिकविता येतो. पण मिठागरे घटत गेल्याने पुष्कळ मुलांसाठी तो आता आजोबांचा अनुभव उरला आहे, म्हणून तो घरून विचारून आणण्यास सांगणे अधिक फलदायी ठरते.

इतिहासाच्या तासाला अधिक सावधगिरी लागते. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेर जंगल सत्याग्रह आणि जानेवारी १९८४ मधील जासई परिसराचे शेतकरी आंदोलन, या दोन्ही प्रसंगी गोळीबारात माणसे दगावली. १९८४ च्या आठवणी अनेक घरांत अद्याप ताज्या आहेत. शिक्षकाने त्या सांगाव्यात, परंतु विनोदाला तेथे जागा नाही.

बोली आणि हसू

आगरी-कोळी बोलींत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘ल’ व ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, तर ‘होडी’ची ‘होरी’ होते. पहिलीतील मूल मोठ्याने ‘पानी’ किंवा ‘शाला’ वाचते आणि वर्ग हसतो. शिक्षकही त्या हसण्यात सामील झाला, किंवा त्यानेच नक्कल केली, तर मूल पुन्हा मोठ्याने वाचण्यास धजत नाही. या प्रकाराला विनोद म्हणण्याची सवय शाळांत रुळली आहे, ती चुकीची आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. कलम २९ मध्ये मूल भय व चिंता यांपासून मुक्त राहावे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कथाकथनावर आधारित अध्यापनाचा स्पष्ट उल्लेख आहे.

शिक्षकाने स्वतःवर केलेला विनोद त्या मानाने सुरक्षित असतो, तथापि तो वारंवार झाल्यास त्याच्या विषयज्ञानाबद्दलच शंका निर्माण होऊ शकते. देशावरून उरणला बदलून आलेल्या शिक्षकाने माशांची स्थानिक नावे चुकीची घेतली आणि मुलांनी ती हसत हसत दुरुस्त केली, तर परिसर अभ्यासाचा तास त्या यादीपासूनच सुरू करता येतो. फळ्यावर एका बाजूला मुलांनी सांगितलेले नाव व दुसऱ्या बाजूला पुस्तकातील नाव लिहिले जाते, आणि उच्चार तपासण्याचे काम त्या दिवशी मुलांकडे असते.