कंपायलरचे फ्लॅग : दोषशोधनाची माहिती आणि ऑप्टिमायझेशन

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत 'सी' भाषेतील प्रोग्राम जीसीसी कंपायलरवर चालविताना सहसा कोणताही फ्लॅग दिला जात नाही. त्यामुळे ऑप्टिमायझेशनची '-ओ०' ही पातळी आपोआप लागू होते. प्रत्यक्ष वापराचे सॉफ्टवेअर मात्र बहुधा '-ओ२' पातळीवर तयार होते. या दोहोंतील अंतर अध्यापनात दुर्लक्षित राहते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'-जी' हा फ्लॅग दिल्यास कोणती यंत्राज्ञा मूळ प्रोग्रामच्या कोणत्या ओळीतून आली आणि कोणते चल कोठे साठविले आहे, याची नोंद फाइलमध्ये केली जाते. लिनक्सवर ही नोंद 'ड्वार्फ' स्वरूपात असते. तिच्यामुळे फाइलचा आकार वाढतो. यंत्राज्ञा बदलत नाहीत. '-ओ२' मात्र यंत्राज्ञाच बदलतो. चले रजिस्टरमध्ये जातात, लहान फंक्शने मूळ जागीच विरघळतात, आज्ञांचा क्रम पालटतो. दोन्ही फ्लॅग एकत्र देता येत नाहीत हा समज चुकीचा आहे. जीसीसीत ते चालतात. परंतु डीबगर ओळींवरून मागेपुढे उड्या मारतो आणि चलाची किंमत विचारल्यास 'ऑप्टिमाइझ्ड आउट' असे उत्तर येते. यावरील मधला मार्ग म्हणून २०१३ मध्ये जीसीसी ४.८ आवृत्तीत '-ओजी' ही पातळी आली.

'-ओ०' वर चालणारा प्रोग्राम '-ओ२' वर बिघडला, की दोष कंपायलरला दिला जातो. बहुतेक वेळा तो अन्याय असतो. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या 'टन' ड्रायव्हरमध्ये असे आढळले की, एका पॉइंटरमधून आधी किंमत वाचली होती व तो शून्य आहे की काय, ही तपासणी त्यानंतर केली होती. 'सी'च्या मानकानुसार शून्य पॉइंटरमधून वाचन केल्यास वर्तन अनिश्चित ठरते. म्हणून पॉइंटर शून्य नसणारच, असे गृहीत धरून कंपायलरने ती तपासणीच काढून टाकली. शून्य पत्त्यावर स्वतःची माहिती मांडू शकणाऱ्या हल्लेखोरास त्यामुळे सर्वाधिकार मिळविता येत होते. मूळ प्रोग्राम वाचणाऱ्यास तपासणी दिसत होती, यंत्राज्ञांत ती नव्हती! पुढे क्रम दुरुस्त झाला आणि कर्नलसाठी '-एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स' हा फ्लॅगही स्वीकारण्यात आला.

प्रात्यक्षिकांच्या दृष्टीने आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. चलाला किंमत न देताच ते वापरले जाण्याची शक्यता दर्शविणारी जीसीसीची 'मेबी-अनइनिशिअलाइझ्ड' ही सूचना ऑप्टिमायझेशन चालू असतानाच मिळते. केवळ '-ओ०' वर काम करणाऱ्या विद्यार्थ्यास ती दिसतच नाही.