लॉनमधली अळंबी ओळखायचीय? आधी ती खणून काढा

आपल्या कर्जतसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात एक चांगली सर झाली की दोन-चार दिवसांत लॉनवर पांढऱ्या छत्र्या दिसायला लागतात. लगेच वरून एक फोटो काढला जातो आणि 'ही कोणती?' असं विचारलं जातं. पण नुसत्या टोपीवरून अळंबी ओळखता येत नाही.

लॉनमध्ये सापडणारी एक विषारी जात म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पांढरी टोपी, तिच्यावर तपकिरी खवले, देठावर कडं. टोपीखालचे पातळ पडदे, म्हणजे गिल्स, कोवळेपणी पांढरे असतात. बीजाणू पिकल्यावर हिरवट होतात. ही खाल्ली तर बहुधा १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. वारुळावरची खाद्य अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. तिचा देठ मुळासारखा जमिनीखाली वाळवीच्या घरापर्यंत जातो. उपटलीत तर हा पुरावाच तुटतो.

आता बीजाणूंचा ठसा घ्या. देठ कापा, गिल्स खाली करून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा आणि वाटीने झाका. रात्रभरात रंग उतरतो : पहिलीचा हिरवट, दुसरीचा गुलाबीसर.

ठसा हिरवट नसेल तर एवढंच कळतं, की ती बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नाही. 'म्हणजे खायला चालेल' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. चांदी किंवा लसूण काळा पडतो का, या घरगुती चाचण्यांनीही विष कळत नाही. कुणी खाल्लीच असेल, तर उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.