आहारातील स्निग्ध पदार्थ आणि मुलांचा मेंदू
आहारातील स्निग्ध पदार्थ आणि मुलांचा मेंदू यांचा परस्परसंबंध हा पोषणशास्त्र, बालरोगशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही शास्त्रांचा अभ्यासविषय आहे. तेल, तूप, दूध, अंडी, मासे व तेलबिया यांतील स्निग्ध पदार्थ शरीराला ऊर्जा पुरवतात. त्यांतील काही घटक मात्र मेंदूच्या पेशींच्या बांधणीतच वापरले जातात. या घटकांचा अभाव झाल्यास मज्जासंस्थेचे कार्य बिघडते, हे सिद्ध झाले आहे. पुरेसा आहार मिळणाऱ्या मुलाला तेच घटक वरून अधिक दिल्यास त्याची बुद्धी किंवा वर्तन सुधारते काय, हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर आजवरच्या मोठ्या प्रयोगांतून बहुतांशी नकारार्थी आले आहे. जाहिरातींमध्ये पहिल्या विधानाचा आधार दाखवून दुसरे विधान खपवले जाते.

मेंदूची घडण

पाणी वगळल्यास मेंदूच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. हे द्रव्य पोटावरील चरबीप्रमाणे साठवणीचे नसते. त्यापासून चेतापेशींची पटले आणि चेतातंतूंभोवतीचे मायलिन हे आवरण तयार होते. मायलिनमुळे संदेशवहनाचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. मेंदूच्या पेशीपटलांत व डोळ्याच्या दृष्टिपटलात डोकोसाहेक्साएनॉइक आम्ल म्हणजेच डीएचए हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल विशेष प्रमाणात आढळते. गर्भावस्थेचे शेवटचे तीन महिने आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे या काळात ते मेंदूत वेगाने साठते. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेले असते.

आईच्या दुधातील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून मिळते. म्हणूनच दोन वर्षांखालील मुलाच्या आहारातील स्निग्ध पदार्थ कमी करू नयेत व त्याला साय काढलेले दूध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. खिमटात किंवा मऊ भातात चमचाभर तूप घालण्याच्या घरगुती रीतीला अशा प्रकारे शास्त्राचा आधार आहे. टाळू भरण्याच्या रीतीला तो नाही. टाळूवर घातलेले तेल मेंदूचे पोषण करीत नाही; टाळूची फट कवटीच्या हाडांच्या वाढीने साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास आपोआप भरून येते.

आवश्यक मेदाम्लांचा शोध

स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ इंधन, असा समज विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ होता. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, शेपट्यांवर खवले आले आणि अखेर ते दगावू लागले. लिनोलेइक आम्ल शरीरात तयार होत नाही, ते आहारातूनच मिळावे लागते, हे यातून स्पष्ट झाले. ते ओमेगा-६ गटातील आहे. ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाची गरज मात्र पुढे अनेक वर्षे संशयास्पदच मानली जात होती.

हा संशय दूर होण्यास एका मुलीचे आजारपण कारणीभूत ठरले. पोटात गोळी लागल्यामुळे सहा वर्षांच्या एका अमेरिकन मुलीचे सर्व पोषण शिरेवाटे करावे लागत होते. त्या द्रवातील स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल असते. अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसतेच. काही महिन्यांनी मुलीला बधिरपणा व अशक्तपणा जाणवू लागला, दृष्टी अंधुक झाली, चालणेही अशक्य झाले. करडईऐवजी सोयाबीनच्या तेलाचा द्रव सुरू केल्यावर ही लक्षणे नाहीशी झाली. राल्फ होलमन व सहकाऱ्यांनी हे वृत्त १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच रुग्णावरून काढलेला हा निष्कर्ष असला, तरी त्याने पुढील संशोधनाला दिशा दिली.

वाचन व वर्तनावरील प्रयोग

अभावाने बिघाड होतो, तर पुरवठ्याने सुधारणा होईल, हा तर्क स्वाभाविक होता. २००५ मध्ये इंग्लंडमधील अलेक्झांड्रा रिचर्डसन व पॉल माँटगोमेरी यांनी हालचालींच्या सुसूत्रतेत अडचण असलेल्या ५ ते १२ वर्षे वयाच्या ११७ मुलांवर प्रयोग केला. तीन महिने मेदाम्लांच्या गोळ्या दिल्यानंतर हालचालींत फरक पडला नाही. वाचन, शुद्धलेखन व वर्तनात मात्र सुधारणा दिसली. या बातमीचा गाजावाजा झाला. २००६ मध्ये डरहॅम परगण्यातील शाळांत परीक्षार्थी विद्यार्थ्यांना माशांच्या तेलाच्या गोळ्या देण्याचा मोठा उपक्रम हाती घेण्यात आला. परंतु तुलनेसाठी गोळ्या न घेणारा गट त्यात ठेवलेला नव्हता. नवा उपक्रम सुरू झाला की विद्यार्थी, पालक व शिक्षक सारेच अधिक लक्ष देऊ लागतात. त्यामुळे अशा उपक्रमात गुण वाढले तरी श्रेय कशाला द्यावे, हे ठरवता येत नाही. शास्त्रज्ञांची टीका नेमकी याच मुद्द्यावर होती.

यानंतर ऑक्सफर्डशायरमधील ७ ते ९ वर्षांच्या ३६२ मुलांवर काटेकोर प्रयोग झाला. निम्म्या मुलांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या तेलाच्या गोळ्या १६ आठवडे देण्यात आल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकंदर मुलांच्या वाचनात फरक पडला नाही; वाचनात सर्वांत मागे असलेल्या मुलांत मात्र थोडी प्रगती आढळली. ती खरी की योगायोगाची, हे पाहण्यासाठी त्याच संशोधकांनी वाचनात मागे असलेल्या ३७६ मुलांवर प्रयोग पुन्हा केला. या वेळी वाचनात किंवा वर्तनात लाभ आढळला नाही, आणि २०१८ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्धही केले. स्वतःच्याच आशादायक निष्कर्षाची अशी फेरतपासणी विरळ होते.

अवधानाचा अभाव व अतिचंचलता या विकाराबाबत कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये १३ प्रयोगांचा आढावा घेतला. लक्षणे कमी झाल्याचा पुरावा अत्यल्प होता. २०२३ च्या विस्तारित आढाव्यातही चित्र फारसे बदलले नाही. त्यामुळे डॉक्टरांनी सुचवलेले उपचार थांबवून केवळ अशा गोळ्यांवर विसंबणे मुलासाठी हानिकारक ठरू शकते.

महाराष्ट्रातील आहार

महाराष्ट्रात पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या करडई व शेंगदाणा तेलांत, तसेच अलीकडे रुळलेल्या सूर्यफूल तेलात, ओमेगा-३ मेदाम्ले नगण्य असतात. सोयाबीन व मोहरीच्या तेलांत ती काही प्रमाणात मिळतात. जवसाच्या तेलाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. अख्खे जवस न पचता बाहेर पडू शकतात. विदर्भ-मराठवाड्यातील चटणीत ते भाजून कुटले जात असल्याने ही अडचण उरत नाही. शरीरात या आम्लाचे डीएचएमध्ये रूपांतर फार थोडे होते. कोकणातील बांगडा व तारली या माशांतून डीएचए थेट मिळते. शाकाहारी व्यक्तींसाठी शैवालापासून काढलेले डीएचए उपलब्ध आहे. माशांच्या शरीरातही ते मुळात सूक्ष्म शैवालांतूनच आलेले असते.