घरच्या चित्रपट-सर्व्हरसाठी डिस्कची सूची

जेलीफिनसारखी प्रणाली चालवणाऱ्या गृह-सर्व्हरसाठी, म्हणजे घरातील चित्रपट साठवून टीव्हीपर्यंत पोहोचवणाऱ्या संगणकासाठी, डिस्कची सूची करताना बाह्य ऑप्टिकल ड्राइव्ह अत्यंत उपयुक्त ठरतो. डीव्हीडीवरील आयएफओ फाइलींतून प्रकरणे, ध्वनिमुद्रणाच्या भाषा व उपशीर्षके यांची माहिती मिळते. मात्र डिस्कचे लेबल, म्हणजे संगणकाला दिसणारे तिचे नाव, पुष्कळदा नुसतेच ‘डीव्हीडी_व्हिडिओ’ असे निघते, म्हणून चित्रपटाचे नाव व प्रदर्शनाचे वर्ष हाताने नोंदवणेच विश्वासार्ह, विशेषतः एकाच नावाचे दोन चित्रपट असतील तेव्हा. यूएसबी २.० पोर्टची प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअरच असल्याने, डिस्क फिरू लागताच ड्राइव्ह बंद पडत असेल, तर स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब वापरून पाहावा.